कार्यालयातील २०० संगणक मध्यवर्ती व्यवस्थापनाखालील मुक्तस्रोत प्रणालीवर नेताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

आमच्या संस्थेत सुमारे २०० संगणक आहेत आणि ते सांभाळण्यासाठी आम्ही तिघेजण आहोत. बहुतेक संगणकांवर विंडोज १० आहे. त्या आवृत्तीची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जवळजवळ निम्म्या संगणकांत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही किंवा त्यांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत बसत नाहीत. पैसे भरून वाढीव अपडेट घेता येतात, परंतु संस्थांसाठी ती सोय जास्तीत जास्त तीन वर्षांची असून तिचे शुल्क दर वर्षी दुप्पट होते. रोज उत्तम काम करणारे संगणक केवळ या कारणासाठी मोडीत काढावेत, हे व्यवस्थापनाला पटत नाही आणि मलाही पटत नाही.

लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमवर जाण्यास व्यवस्थापनाची तत्त्वतः मान्यता आहे, पण त्यांनी एक अट घातली आहे आणि ती मला रास्त वाटते. बदल झाल्यानंतर एकेका संगणकापुढे जाऊन बसून त्याची मांडणी करण्याची वेळ कोणावरही येता कामा नये. सध्या आमच्याकडे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कर्मचाऱ्यांची खाती आणि संगणक एका जागी नोंदवणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था, आहे. तिच्यातील ग्रुप पॉलिसी या मध्यवर्ती धोरणांद्वारे सामायिक फोल्डर जोडले जातात, मजल्यानुसार प्रिंटर मिळतात, काही मिनिटांनी पडदा कुलूपबंद होतो आणि पेनड्राइव्हवर निर्बंध राहतात. हे सगळे लिनक्सवर एका जागेवरून करता येते का, आणि येत असेल तर कशाने?

अडचणी मला दिसतात त्या अशा. लेखा विभागाचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. दोन विभागांत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेल्या एक्सेल फाइली वर्षानुवर्षे वाढत गेल्या आहेत आणि त्या लिहिणारे कर्मचारी आता संस्थेत नाहीत. काही अधिकारी डिजिटल स्वाक्षरीसाठी यूएसबी टोकन वापरतात. शिवाय चाळीसेक लॅपटॉप असे आहेत की जे आठवडेच्या आठवडे कार्यालयाच्या नेटवर्कला जोडले जात नाहीत. अशा परिस्थितीत कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची कोणती तयार आवृत्ती, घ्यावी, आधी काय बदलावे, नंतर काय, आणि मधल्या काळात दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी कशा चालवाव्यात, याविषयी ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

डिस्ट्रो कोणती, हा प्रश्न शेवटी ठेवा, असे मी आग्रहाने सुचवेन. तुमच्या व्यवस्थापनाने घातलेली अट हाच या कामाचा गाभा आहे. ती पाळली गेली तर डिस्ट्रोची निवड थोडी डावी-उजवी झाली तरी निभावते. ती पाळली गेली नाही, तर सर्वोत्तम डिस्ट्रो घेऊनही वर्षभरात तुमच्याकडे २०० वेगवेगळे लिनक्स संगणक असतील, आणि ते सांभाळणे आजच्यापेक्षा अवघड होईल.

ग्रुप पॉलिसी एकाच छताखाली अनेक कामे करते. लिनक्सवर तेवढीच व्याप्ती असलेले एकच साधन शोधू नका, कारण तिथे ही कामे वेगवेगळ्या साधनांत वाटलेली आहेत. वापरकर्त्याची ओळख आणि पासवर्ड पडताळणे हे एसएसएसडी या सेवेचे काम आहे. कोणते सॉफ्टवेअर असावे, कोणती सेवा चालू असावी आणि कोणत्या फाइलीत काय लिहिलेले असावे, हे अ‍ॅन्सिबल किंवा पपेट सांभाळते. डेस्कटॉपच्या मांडणीसाठी, नोम हा डेस्कटॉप असेल तर डीकॉन्फ आहे आणि केडीई असेल तर किऑस्क नावाची सोय आहे. येथे एक भेद नीट समजून घ्यावा. डीकॉन्फमध्ये एखादे मूल्य 'मूळ मूल्य' म्हणून दिले तर वापरकर्ता ते बदलू शकतो, आणि तेच 'लॉक' केले तर बदलू शकत नाही. पडदा कुलूपबंद होण्याची वेळ लॉक करावी, पार्श्वभूमीचे चित्र करू नये. जे संस्थेच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक नाही ते कर्मचाऱ्यांच्या हाती राहू दिले, तर नव्या प्रणालीविषयीची नाराजी पुष्कळ कमी होते. फायरफॉक्ससाठी एका धोरण-फाइलीत मुख्यपृष्ठ, प्रमाणपत्रे आणि अनुमत एक्स्टेन्शन सांगता येतात. पेनड्राइव्हवरील निर्बंधांसाठी यूएसबीगार्ड आहे. सामायिक फोल्डर लॉगिनच्या वेळी केर्बेरॉस तिकिटावर, म्हणजे लॉगिन होताच मिळणाऱ्या तात्पुरत्या ओळखपत्रावर, जोडता येतात, म्हणजे पासवर्ड कोठेही लिहून ठेवावा लागत नाही.

या सर्वांचे वर्णन मजकूर-फाइलींत लिहावे आणि त्या गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या भांडारात ठेवाव्यात. कोणी, केव्हा आणि का बदल केला याची नोंद तिथेच राहते. संगणक हा त्या वर्णनाचा केवळ परिणाम असावा. त्याची कसोटी सोपी आहे. कोणताही संगणक पूर्ण पुसावा, नेटवर्कवरून सुरू करावा आणि काही न टंकता त्याने आपली प्रणाली, सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि धोरणे स्वतः घ्यावीत. नेटवर्कवरून बूट करण्यासाठी पीएक्सई आहे, आणि प्रश्न न विचारता इन्स्टॉल होण्यासाठी डेबियन या डिस्ट्रोत प्रीसीड, उबुंटूमध्ये ऑटोइन्स्टॉल व रेड हॅट परिवारात किकस्टार्ट आहे. या कसोटीत एखादी गोष्ट तुम्हाला आठवून हाताने करावी लागली, तर ती भांडारात लिहायची राहून गेली आहे असे समजावे. पहिला कर्मचारी नव्या प्रणालीवर बसण्यापूर्वीच ही कसोटी पार पडली पाहिजे.

अपडेट प्रत्येक संगणकाने थेट इंटरनेटवरून घेऊ नयेत. संस्थेत पॅकेजचा स्वतःचा आरसा, म्हणजे मिरर, ठेवा आणि त्याच्या ठरावीक दिवसाच्या प्रती काढा. डेबियनसाठी हे काम अ‍ॅप्टली चांगले करते. सर्व संगणक त्या प्रतीकडे बोट दाखवतात, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणती आवृत्ती कोठे होती हे निश्चित सांगता येते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण-लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत जाणीवपूर्वक घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. त्या आवृत्त्या मुख्यतः चाचणीच्या आणि सतत बदलत्या शाखांत पोहोचल्या होत्या, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हत्या. कार्यालयासाठी स्थिर, संथ शाखा का घ्यावी याचे याहून स्पष्ट कारण मला देता येणार नाही.

आता डिस्ट्रो. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे दीर्घकालीन पाठबळ मिळते. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकालीन पाठबळाच्या, आवृत्तीला पाच वर्षे मिळतात आणि सशुल्क योजनेत ती मुदत वाढते. रेड हॅट आणि तिच्याशी सुसंगत अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स यांची मुदत दहा वर्षांची असते. फेडोराची एक आवृत्ती सुमारे १३ महिने टिकते, म्हणून तिघांच्या पथकाने २०० संगणकांसाठी ती घेऊ नये. तुमच्या जागी मी डेबियन घेतला असता. डेस्कटॉप केडीई की नोम, हे तुम्ही ठरवा, पण एकच ठेवा. दोन डेस्कटॉप म्हणजे प्रत्येक धोरण दोनदा लिहिणे आणि दोनदा तपासणे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील तांत्रिक मांडणी मला मान्य आहे, पण क्रमाविषयी वेगळे सांगायचे आहे. ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे हा या कामाचा शेवटचा टप्पा असावा. कर्मचारी दिवसभर ऑपरेटिंग सिस्टीम वापरत नाहीत. ते ब्राउझर, मेल, दस्तऐवज आणि एखादा विभागीय प्रोग्राम वापरतात. ही साधने विंडोजवर असतानाच बदलली, तर ज्या दिवशी लिनक्स येते त्या दिवशी त्यांना ओळखीचीच खिडकी दिसते.

फ्रान्सच्या जान्दार्मरी या राष्ट्रीय पोलीस दलाने नेमका हाच क्रम ठेवला. २००५ मध्ये विंडोजवरच ओपनऑफिस हे मुक्तस्रोत कार्यालयीन सॉफ्टवेअर आले, २००६ च्या सुमारास फायरफॉक्स आणि थंडरबर्ड हा मेल-प्रोग्राम आले आणि २००८ पासून उबुंटूवर आधारित प्रणालीकडे वाटचाल सुरू झाली. ती सावकाश चालली, जुने संगणक बदलतील तशी पुढे सरकली आणि आज ७० हजारांहून अधिक संगणकांवर आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानेही २०२४ मध्ये सुमारे ३० हजार कार्यस्थानांवर लिब्रेऑफिस हे मुक्तस्रोत कार्यालयीन सॉफ्टवेअर नेण्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक मेलपेट्या मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल-सर्व्हरवरून मुक्तस्रोत ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्डवर हलवल्या. लिनक्स डेस्कटॉप त्यांच्याही योजनेत या टप्प्यांनंतर येतो.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेचे उदाहरण येथे कोणीतरी काढेलच, म्हणून तेही नीट पाहावे. २००३ मध्ये निर्णय, २०१३ पर्यंत जवळजवळ १५ हजार संगणक लिमक्स या महापालिकेच्या स्वतःच्या लिनक्स प्रणालीवर, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचा नगरपरिषदेचा ठराव, असा तो प्रवास आहे. यावरून लिनक्स डेस्कटॉप कार्यालयात चालत नाही असा निष्कर्ष काढला जातो, पण तो मला वरवरचा वाटतो. तेथे सुरुवातीला महापालिकेच्या विभागांची आपापली वेगळी संगणक-पथके होती, प्रत्येकाची पद्धत वेगळी होती आणि अडलेल्या कर्मचाऱ्याने कोणाकडे जावे हे अनेकदा स्पष्ट नसे. नेतृत्व बदलल्यावर राजकीय पाठिंबाही बदलला. तुमच्यासारख्या एका पथकाच्या संस्थेला पहिली अडचण नाही. दुसरीसाठी मात्र निर्णय लेखी, कारणांसह आणि अंदाजपत्रकाला जोडून घ्यावा, म्हणजे तो एका व्यक्तीच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही.

एक्सेलच्या फाइलींची यादी करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते आधी करा. फाइल सर्व्हरवर मॅक्रो असलेल्या फाइली विस्तारावरून शोधता येतात आणि शेवटचा बदल केव्हा झाला तेही दिसते. साधारणपणे त्यांतल्या कित्येक फाइली वर्षानुवर्षे कोणी उघडलेल्याच नसतात. ज्या खरोखर वापरात आहेत त्यांच्यापैकी काही लिब्रेऑफिसमध्ये तशाच चालतील, कारण त्यात व्हीबीएचा, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रो-भाषेचा, काही भाग समजतो. परंतु पॉवर क्वेरी, अ‍ॅक्टिव्हएक्सची बटणे किंवा विंडोजच्या लायब्ररींना हाक मारणारा कोड चालणार नाही. अशा फाइलींकडे मी कालबाह्य होऊ घातलेले छोटे प्रोग्राम म्हणून पाहतो. त्यांतले दोन-तीन संस्थेचा कणा असतात. ते डेटाबेस असलेल्या छोट्या वेब-प्रोग्रामच्या रूपात नव्याने लिहून घ्यावेत, लिनक्सवर जायचे असो वा नसो. लिहिणारी माणसे निघून गेल्यामुळे आज त्या फाइलींतील हिशेब बरोबर आहे की नाही हेदेखील कोणी खात्रीने सांगू शकत नसेल, आणि ही जोखीम ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा मोठी आहे.

लेखा विभागाचा प्रोग्राम वाइन या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर चालवण्याचा मोह टाळा. तो चालेलही, पण पुढच्या अपडेटला बिघडला तर विक्रेता हात वर करील आणि तो दिवस नेमका वर्षअखेरीचा असेल. एक विंडोज टर्मिनल सर्व्हर, म्हणजे दुरून वापरता येणारा विंडोज सर्व्हर, ठेवा, त्यावर तेवढा एक प्रोग्राम ठेवा आणि लिनक्सवरून रेमिनाने किंवा फ्रीआरडीपीने तो उघडा. त्यासाठी सर्व्हरबरोबर प्रत्येक वापरकर्त्याचा दूरस्थ प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो, तो खर्च हिशेबात धरा. काही विंडोज शिल्लक राहिले म्हणजे काम फसले, असे मानण्याचे कारण नाही.

दस्तऐवजांबाबत संस्थेअंतर्गत ओडीएफ हे खुले फाइल-स्वरूप वापरा. ते २००६ पासून आयएसओचे मानक आहे. बाहेर पाठवायचे अंतिम पत्र पीडीएफमध्ये पाठवा आणि समोरच्याबरोबर मिळून संपादन करायचे असेल तेवढ्यापुरते वर्डचे डॉकएक्स ठेवा. पाने विस्कटण्याच्या पुष्कळशा तक्रारी फॉन्टमुळे येतात. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया आणि एरियल व टाइम्सच्या मापाचे लिबरेशन फॉन्ट सर्व संगणकांवर आधीच बसवले, तर त्यांतल्या बऱ्याच तक्रारी उद्भवतच नाहीत. देवनागरीत काम होत असेल, तर इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये सहज मिळतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर मात्र स्थलांतरापूर्वीच रूपांतरित करून तपासून घ्यावा.

प्रतिसाद ३

मुक्तस्रोताचा मी समर्थक आहे, म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पैसे वाचवणे हे या बदलाचे मुख्य कारण म्हणून व्यवस्थापनासमोर मांडू नका. पहिल्या दोन वर्षांत परवान्याचा जो खर्च वाचेल तो प्रशिक्षण, फाइलींचे रूपांतर आणि तुमच्या तिघांचा वेळ यांत जाईल. बचत दिसली नाही की पहिल्याच आढाव्यात प्रकल्पावर प्रश्नचिन्ह लागेल. संगणक किती वर्षे वापरायचे, अपडेट केव्हा घ्यायचे आणि संस्थेची माहिती कोणत्या स्वरूपात ठेवायची, हे निर्णय संस्थेच्या हाती येतात. खरा लाभ हा आहे, आणि तोच पहिल्या पानावर लिहावा.

मुक्तस्रोत असले म्हणून धनी कोणीच नसतो असेही नाही. सेंटओएस ८ या रेड हॅटशी सुसंगत डिस्ट्रोला २०२९ पर्यंत पाठबळ मिळेल या भरवशावर अनेकांनी ती घेतली. डिसेंबर २०२० मध्ये ती योजना रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी पाठबळ संपले. स्रोत खुला असल्यामुळे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स २०२१ मध्येच उभ्या राहिल्या व लोकांना वाट मिळाली, हे खरे. पण ज्यांची मांडणी हाताने केलेली होती त्यांना ते स्थलांतर जड गेले आणि ज्यांच्याकडे ती भांडारात लिहिलेली होती त्यांना तुलनेने हलके गेले.

आणखी एक, माणसांविषयी. तिघांपैकी एकालाच अ‍ॅन्सिबल कळत असेल तर ती मध्यवर्ती व्यवस्था नव्हे, ते एका व्यक्तीवरचे अवलंबन आहे. भांडारातील प्रत्येक बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय लागू होऊ नये, असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. त्याने सुरुवातीला वेग कमी होतो, पण सहा महिन्यांनी तिघांनाही संपूर्ण व्यवस्था वाचता येते. याशिवाय प्रत्येक विभागातून एका कर्मचाऱ्याला आधी प्रशिक्षण द्या, आणि त्याच्या इतर कामातून तेवढा वेळ अधिकृतपणे मोकळा करा. हे शेवटचे वाक्य आदेशात आले नाही तर तो माणूस महिन्याभरात थकतो आणि मदत मागणारे पुन्हा तुमच्या दाराशी येतात.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. क्रम उलटा करण्याची सूचना आम्ही स्वीकारत आहोत. ब्राउझर, मेल आणि लिब्रेऑफिस विंडोजवरच आधी आणू, आणि मॅक्रोच्या फाइलींची यादी करण्याचे काम आजच एका सहकाऱ्याकडे दिले आहे.

आता दोन गोष्टी अडल्या आहेत. पहिली म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आताच काढून तिच्या जागी सांबा किंवा फ्रीआयपीए यांसारखे तेच काम करणारे मुक्तस्रोत साधन आणावे, की मधल्या काळात तीच ठेवून लिनक्स संगणक तिला जोडावेत? दुसरी, लॅपटॉप. कार्यालयात बसून चालवलेली अ‍ॅन्सिबलची आज्ञा त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही, कारण त्या क्षणी ते बंद असतील किंवा दुसऱ्याच नेटवर्कवर असतील. कूटबद्धीकरणही त्यांना हवेच आहे. यूएसबी टोकनांविषयीही कोणाला माहिती असल्यास लिहावे.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आता ठेवा. एका वेळी एकच पाया बदलावा. लिनक्स संगणक तिला रेल्मडी आणि एसएसएसडीच्या साहाय्याने जोडता येतात, कर्मचारी तोच पासवर्ड वापरतात आणि फाइल सर्व्हरवरील अधिकार तसेच राहतात. जोडताना काही बाबींवर लक्ष ठेवा. केर्बेरॉसला घड्याळांतील तफावत मूळ मांडणीत पाच मिनिटांपर्यंतच चालते, म्हणून घड्याळे जुळवणारी क्रोनी सर्व संगणकांवर लावून घ्या. एसएसएसडी लॉगिनविषयीच्या काही ग्रुप पॉलिसी स्वतः वाचते आणि पाळतेही. विंडोजसाठी कोणी पूर्वी लावलेला निर्बंध त्यामुळे लिनक्सवर लागू होतो आणि बरोबर पासवर्ड देऊनही प्रवेश मिळत नाही. हे माहीत नसेल तर कारण शोधण्यात पूर्ण दिवस जातो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वापरकर्त्यांचे क्रमांक. लिनक्सवर फाइलीची मालकी नावावरून नव्हे, क्रमांकावरून ठरते. एसएसएसडी हा क्रमांक डोमेनमधील ओळखीवरून गणिताने काढते, त्यामुळे मांडणी सारखी असली तर सर्व संगणकांवर तो सारखाच येतो. पण सांबाच्या विनबाइंड या सेवेची पद्धत वेगळी आहे. काही संगणक एका पद्धतीने आणि फाइल सर्व्हर दुसऱ्या पद्धतीने क्रमांक देत असेल, तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतात. कोणती पद्धत ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि पुढे बदलू नका.

विंडोज संगणक मोजके उरले की पुढचा निर्णय घ्या. टर्मिनल सर्व्हरसारखे काही डोमेनमध्ये राहणार असेल तर सांबा योग्य, कारण २०१२ मधील ४.० आवृत्तीपासून ती स्वतः डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनचा मुख्य सर्व्हर, होऊ शकते. मात्र दोन सांबा कंट्रोलर ठेवले तर त्यांच्यातील धोरणांचा सिसव्हॉल फोल्डर आपोआप समान राहत नाही, आरसिंकसारख्या साधनाने तो जुळवावा लागतो. फ्रीआयपीए लिनक्ससाठी अधिक नेटकी आहे. कोणत्या गटाने कोणत्या संगणकावर काय करावे, सुडोचे, म्हणजे प्रशासकाचे अधिकार वापरण्याचे, नियम आणि प्रमाणपत्रे हे सर्व तिच्यात एकत्र आहे. पण विंडोज संगणक तिला थेट जोडण्यासाठी ती बनवलेली नाही, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी विश्वासाचे नाते जोडूनच ती विंडोजबरोबर नांदते.

लॅपटॉपसाठी आज्ञेची दिशा उलटी करा. अ‍ॅन्सिबल-पुल ही सोय लॅपटॉपलाच भांडारातून धोरणे आणून स्वतःवर लागू करायला लावते. ठरावीक वेळी काम सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरवर ती लावली की नेटवर्क मिळेल तेव्हा लॅपटॉप स्वतः जुळवून घेतो. गिटमधील नोंदीवर स्वाक्षरी असल्याशिवाय ती लागू करू नये, असा पर्यायही तिच्यात आहे आणि तो अवश्य वापरावा, कारण भांडार ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती सर्व संगणक जातात. भांडारापर्यंत पोहोचण्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन लावा, ते २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. नेटवर्क नसताना लॉगिन व्हावे म्हणून एसएसएसडीमध्ये पासवर्डची पडताळणी साठवून ठेवण्याची सोय चालू करा. डिस्कच्या कूटबद्धीकरणासाठी एलयूकेएस वापरा. त्यात एकाहून अधिक किल्ल्या ठेवता येतात, तेव्हा एक कर्मचाऱ्याची आणि एक संस्थेची असावी. संस्थेची किल्ली प्रत्येक लॅपटॉपला वेगळी असावी आणि ती कूटबद्ध जागी नोंदवून ठेवावी. ती इन्स्टॉलच्या वेळीच आपोआप तयार होऊन नोंदली गेली नाही, तर काही लॅपटॉपची नोंद राहून जाणारच.

मध्यवर्ती व्यवस्थेत चूकही मध्यवर्ती होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचे एक सदोष अपडेट जगभर एकाच वेळी गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही असो, वितरणाची पद्धत तशी असेल तर तेच घडू शकते. म्हणून प्रत्येक बदल आधी तुमच्या तिघांच्या संगणकांवर, मग प्रत्येक विभागातील एका-दोन संगणकांवर आणि काही दिवसांनी सर्वांवर जावा. गंभीर सुरक्षा-त्रुटीच्या वेळी हे अंतर तासांवर आणा, पण टप्पे गाळू नका.

प्रतिसाद ४

पूर्ण प्रणाली एकसंध इमेज म्हणून पाठवण्याचा मार्गही विचारात घ्यावा, असे मला वाटते. ओएस-ट्री आणि अलीकडच्या बूटसी या पद्धतींत पॅकेज संगणकावर बसत नाहीत. इमेज सर्व्हरवर एकदाच बांधली जाते, तपासली जाते आणि सर्व संगणक ती जशीच्या तशी घेतात. प्रणालीचा मुख्य भाग केवळ वाचता येतो, मागची इमेज डिस्कवर राहते आणि नवी बिघडली तर बूट करताना जुनी निवडता येते. संगणक हळूहळू एकमेकांपासून वेगळे होत जातात, ही अ‍ॅन्सिबलने कमी होणारी पण पूर्ण न जाणारी अडचण येथे बहुतांशी संपते. युरोपातील सरकारी कार्यालयांसाठी मांडलेला ईयू ओएस हा प्रायोगिक प्रकल्पही फेडोराच्या अशाच इमेजवर आधारित आहे.

तिघांच्या पथकाने आजच याने सुरुवात करावी असे मी म्हणणार नाही. पण वीसेक एकसारख्या संगणकांवर, म्हणजे स्वागतकक्ष किंवा प्रशिक्षणवर्गासारख्या जागी, अल्मालिनक्सच्या बूटसी इमेजची चाचणी घेता येईल. डेबियनवर अ‍ॅन्सिबलने लिहिलेली धोरणे इमेज बांधतानाही बरीचशी उपयोगी पडतात, तेव्हा ते श्रम वाया जात नाहीत.

प्रतिसाद ५

यूएसबी टोकनांपुरते लिहितो. टोकन लिनक्सला दिसणे आणि त्यावरील स्वाक्षरी वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी पीसीएससीडी ही सेवा पुरते. दुसऱ्यासाठी टोकनच्या विक्रेत्याची, पीकेसीएस ११ या मानकाची लायब्ररी लागते, किंवा ते टोकन ओपनएससी या मुक्तस्रोत साधनाला माहीत असावे लागते. म्हणून आता करायचे काम म्हणजे संस्थेत टोकनांचे किती प्रकार आहेत ते नोंदवणे आणि प्रत्येक विक्रेत्याकडे तुम्ही निवडलेल्या आवृत्तीसाठी ६४-बिट लिनक्स लायब्ररी आहे का, हे लेखी विचारणे. नसेल तर मुदत संपताच पुढचे टोकन दुसऱ्या प्रकारचे घ्यावे. प्रमाणपत्रांची मुदत मर्यादित असते, त्यामुळे फार थांबावे लागत नाही.

लायब्ररी मिळाल्यावर ती प्रत्येक फायरफॉक्समध्ये हाताने जोडू नका. वर उल्लेख आलेल्या धोरण-फाइलीतच सुरक्षा-उपकरणांची नोंद करता येते आणि ती सर्व संगणकांवर आपोआप लागू होते. लिब्रेऑफिसही फायरफॉक्सच्या प्रमाणपत्र-साठ्यातून तीच स्वाक्षरी उचलून पीडीएफवर करते. अडते ते संकेतस्थळांवर. काही संकेतस्थळे स्वाक्षरीसाठी संगणकावर आपला छोटा सहायक प्रोग्राम बसवायला लावतात आणि तो पुष्कळदा केवळ विंडोजसाठी असतो. अशा अधिकाऱ्यांची यादी वेगळी करा, त्यांचे संगणक सर्वांत शेवटी बदला आणि तोवर लेखा विभागासाठी ठेवलेल्या टर्मिनल सर्व्हरवर टोकन पुढे पाठवून काम होते का, ते एका टोकनावर तपासून पाहा. फ्रीआरडीपीमध्ये स्मार्टकार्ड पुढे पाठवण्याचा पर्याय आहे.